निशिकासाईच्या बिऱ्हाडी गणराय

भाद्रपद शुद्ध चतुर्थी ही तिथी महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाही. पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती पेठापेठांत येऊन बसतात, फुलबाजारात केवडा दरवळू लागतो आणि पंचांग न उघडताही घराघरांस कळते की पाहुणा उंबरठ्याशी आला. परंतु याच तिथीस, मुंबईहून सुमारे ६,७०० किलोमीटर पूर्वेस, टोकियो महानगराच्या एका स्वस्त उपनगरात अनेक मराठी बिऱ्हाडांतून पाटावर अक्षता पडतात, तेव्हा बाहेरच्या जगास त्याची वार्ताही नसते. तो तेथे कामाचा साधा दिवस असतो. गणराय तेथे मिरवणुकीने येत नाहीत. प्रवासाच्या पेटीत, धोतराच्या आणि दुलईच्या घड्यांत जपून ठेवलेले, विमानाने येतात. ज्या घरात ते उतरतात त्या घराचा यजमान स्वतःच परक्या देशी बिऱ्हाडकरू असतो. पाहुण्याने पाहुण्यास बोलवावे, असा हा प्रसंग आहे, आणि त्याची हकीकत सणाच्या या पानावर सांगण्याजोगी आहे.

या उपनगराचे नाव निशिकासाई, म्हणजे पश्चिम कासाई. टोकियोच्या तेवीस प्रभागांपैकी अगदी पूर्वेकडच्या एदोगावा प्रभागात ते मोडते. पश्चिमेस अराकावा, पूर्वेस एदो नदी आणि दक्षिणेस टोकियोचा उपसागर, अशा तिन्ही बाजूंच्या पाण्यात हा सुमारे सात लाख वस्तीचा प्रभाग बसला आहे. अराकावाचा येथला विस्तीर्ण प्रवाह निसर्गाने दिलेला नव्हे. १९१० सालच्या महापुरानंतर शहर वाचविण्यासाठी माणसांनी तो खणला आणि १९३० साली ते काम पुरे झाले. त्या काळी कासाईचा किनारा कोळ्यांचा होता. उथळ पाण्यात बांबू रोवून नोरी नावाचे समुद्रशेवाळ तेथे पिकविले जाई. पुढे कारखानदारी वाढली, भूगर्भातील पाणी व वायू बेसुमार उपसला गेला, जमीन खचत गेली, आणि मग समुद्रात भराव घालून नवी जमीन करण्यात आली. १९६९ साली भुयारी रेल्वेचा तोझाई मार्ग या बाजूस आला. त्यावर निशिकासाई हे स्थानक १ ऑक्टोबर १९७९ रोजी उघडले. तेथून ओतेमाचीच्या पेढ्या आणि कचेऱ्या पाव तासाच्या अंतरावर आल्या.

मुंबईकर वाचकांस डोंबिवलीची आठवण व्हावी, आणि ती चुकीची नाही. तोझाई म्हणजे ‘पूर्व-पश्चिम’. करोनाच्या साथीपूर्वी या मार्गावरील किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा सकाळच्या वेळी ठरीव क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी वाहून नेत असे, आणि टोकियोतील सर्वाधिक गर्दीचा म्हणून त्याचा लौकिक होता. फरक इतकाच की त्या गर्दीत कोणी बोलत नाही. आपल्या लोकलमधील भजनी डब्याची सवय असलेल्या माणसास ही शांतता पहिल्या काही दिवसांत गर्दीहूनही अधिक जाचते.

तर मग हे उपनगर स्वस्त का? त्याचे उत्तर पाण्यात आहे. एदोगावा प्रभागाचा सुमारे सत्तर टक्के भूभाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. १९४७ सालच्या सप्टेंबरात काथलीन नावाच्या वादळाने तो बुडविला होता. २०१९ साली प्रभाग कार्यालयाने जो पूर-नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावरच रहिवाशांस बजावले होते की आपत्काळी येथे राहून चालणार नाही, प्रभागाबाहेर पडा. कार्यालयाने आपल्याच नागरिकांशी इतके रोखठोक बोलावे, हे विरळाच. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आले, तेव्हा प्रभागातील सुमारे ४ लाख ३० हजार लोकांस स्थलांतराचा सल्ला देण्यात आला. बांध टिकले. परंतु मिनातो किंवा शिबुया या प्रभागांत ज्या घरास दुपटीहून अधिक भाडे पडावे, तेवढे घर येथे परवडते, त्याच्या अनेक कारणांत हे एक आहे, हे तेथे बिऱ्हाड करणाऱ्याने ध्यानी ठेवलेले बरे. येथे भाद्रपद हा वादळांचाही महिना आहे. १ सप्टेंबर हा जपानचा आपत्तिनिवारण दिन. १९२३ सालचा महाभूकंप त्या दिवशी झाला. २०१९ साली गणेश चतुर्थी नेमकी त्याच्या दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला आली होती.

पण केवळ स्वस्ताई हे भारतीय लोक येथे जमण्याचे पुरते कारण नव्हे. टोकियोच्या परिघावर स्वस्त जागा इतरत्रही आहेत. खरे कारण एका शब्दात आहे, आणि तो शब्द ‘जामीन’ हा होय.

जपानात खाजगी मालकाचे घर भाड्याने घ्यावयाचे तर अनामत रक्कम द्यावी लागते, ती समजण्याजोगी आहे. तिच्यावर अनेकदा ‘रेइकिन’ द्यावे लागते. ही घरमालकाने घर दिल्याबद्दलची कृतज्ञता-रक्कम असून ती कधीही परत मिळावयाची नसते. दलाली वेगळी. आणि या सर्वांवर हवा ‘होशोनिन’, म्हणजे भाडे थकल्यास आपण भरू असे लिहून देणारा जामीन. कालपरवा विमानातून उतरलेल्या संगणक-अभियंत्याने असा जामीन कोठून आणावा? जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ साली केलेल्या पाहणीत, मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी सांगितले की केवळ परदेशी म्हणून आपणांस नकार मिळाला. उद्धटपणे नव्हे, दलाल दूरध्वनी ठेवतो, कमरेत लवतो आणि क्षमा मागतो. पण घर मिळत नाही ते नाहीच.

येथे सरकारी गृहनिर्माण उपयोगी पडले. युद्धोत्तर काळात, १९५५ साली, मध्यमवर्गीय नोकरदारांसाठी जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले आणि त्याने ‘दांची’ नावाच्या मोठमोठ्या वसाहती उभारल्या. त्या महामंडळाचा वारसा पुढे २००४ साली स्थापन झालेल्या ‘यू. आर.’ या नागरी पुनर्रचना संस्थेकडे आला. तिच्या घरांस रेइकिन नाही, दलाली नाही, कराराच्या नूतनीकरणाचे शुल्क नाही आणि जामीनही नाही. उत्पन्नाचा व वास्तव्य-परवान्याचा कागद दाखवावा, दोन महिन्यांची अनामत भरावी आणि किल्ली घ्यावी. निशिकासाई स्थानकाजवळच्या कोजिमाचो आणि सेइशिनचो भागांत अशा वसाहती आहेत. जेथे जामीन मागितला जात नाही, तेथे परका माणूस वस्तीस येतो. यात नवल ते काय?

आरंभ मात्र त्याही आधीचा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी या भागात स्थायिक झाले. तेव्हा येथे भारतीय माणूस हाताच्या बोटांवर मोजावा इतकाच होता. पुढे शतकाच्या वळणावर संगणकांतील तारखांचा तो प्रसिद्ध पेच उभा राहिला, जपानी पेढ्यांस अभियंते कमी पडू लागले, आणि भारतातून तरुणांचे ताफे टोकियोत उतरले. त्यांना घर हवे होते आणि शाकाहारी जेवण हवे होते. चंद्राणी यांनी या दोहोंची सोय लावण्यास हातभार लावला आणि एदोगावातील भारतीयांचे मंडळही उभे केले. २००४ साली शेजारच्या कोतो प्रभागात आणि २००६ साली एदोगावातच भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या. मग अभियंते सहकुटुंब येऊ लागले. २०२४ साली जपानमधील भारतीयांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली, आणि त्यांपैकी दर दहांत एकाहून अधिक माणूस या एका प्रभागात राहतो.

अशा घरातील संसाराची कल्पना करावी. यजमान सकाळी आठाला तोझाईत शिरतो आणि रात्री परततो. मुले शाळेत जातात. उरते ती गृहिणी, आणि या साऱ्या हकीकतीत जिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते तीही हीच. पतीच्या आश्रित परवान्यावर आलेल्या स्त्रीस वेगळी अनुमती काढून आठवड्यास अठ्ठावीस तासच नोकरी करता येते. पुण्यात अभियंता, प्राध्यापिका अथवा वकील असलेली ती येथे भाषेवाचून मुकी होते. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी तिला वाचता येत नाही, शाळेतून आलेले पत्रक वाचता येत नाही. तिचे पहिले जपानी शब्द बहुधा कचऱ्याचे असतात: जळणारा, न जळणारा, पुनर्वापराचा, आणि प्रत्येकाचा ठरलेला वार. हे हसण्यावारी नेऊ नये. दांचीमध्ये नव्या बिऱ्हाडाची पारख पगारावरून होत नाही. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी, रात्री आदळलेले दार, भिंतीपलीकडे गेलेला फोडणीचा ठसका, यांवरून ती होते. कागदावर जामीन मागितला नाही खरा. पण तो जिन्यात, उद्वाहकात आणि कचऱ्याच्या जाळीपाशी दररोज मागितला जातो, आणि तो बहुतेक वेळा ही गृहिणीच भरीत असते.

या परीक्षेचा सर्वांत अवघड दिवस म्हणजे गणेश चतुर्थी.

प्रथम नैवेद्य. आंबेमोहोराची पिठी संपली असेल तर जपानी दुकानातील ‘जोशिन्को’ घ्यावी. ती आखूड दाण्याच्या, साध्या तांदळाची पिठी असून तिची उकड उत्तम साधते. चिकट तांदळाची ‘मोचिको’ चुकून आणल्यास मात्र मोदकाच्या कळ्या उभ्या राहावयाच्या नाहीत. गुळाच्या जागी ओकिनावाची काळी साखर चालते. तिला उसाच्या रसाचा तोच उग्र वास असतो. ओला नारळ खवलेला व गोठविलेला भारतीय वाण्याकडे मिळतो. केळीचे पान मिळाले तर भाग्य. आळूच्या वडीचे तसेच. पालेभाजीस मात्र याच मातीतील ‘कोमात्सुना’ आहे. ती या प्रभागातील कोमात्सुगावा गावच्या नावाने ओळखली जाते, आणि ते नाव शोगुन तोकुगावा योशिमुने याने दिल्याची आख्यायिका आहे. पालक आणि मोहरी यांच्या मधली तिची चव आपल्या फोडणीशी चांगली जुळते.

दूर्वांसाठी कोठे जावयाचे, ही चिंता मराठी माणूस पहिल्या वर्षी करतो, दुसऱ्या वर्षी करीत नाही. ज्या गवतास आपण दूर्वा म्हणतो तेच जपानात ‘ग्योगिशिबा’ या नावाने रस्त्याच्या कडेस आणि नदीकाठी आपोआप उगवते. जास्वंदीचे सख्खे भावंड ‘मुकुगे’ हेही उन्हाळाभर टोकियोच्या कुंपणांवर फुलते. त्याचा रंग बहुधा जांभळा अथवा पांढरा, पण देव रंगावरून रुसत नसावा.

खरी अडचण आरतीची. टाळ, झांजा, टिपेचा स्वर आणि सर्वांनी मिळून धरलेला ताल, यांवाचून आरती कसली? आणि दांचीच्या भिंती तर अशा की शेजारच्याचे खोकणे ऐकू यावे. धूप व कापूर यांचेही तेच. टोकियोत २०१० सालापासून प्रत्येक राहत्या घरात छताशी धूरसूचक यंत्र बंधनकारक आहे. म्हणून कापूर एकच वडी, खिडकीपाशी. आरती संध्याकाळी लवकर. झांजांऐवजी हलक्या टाळ्या. काही कुटुंबे आदल्या दिवशी वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरी मिठाईची लहानशी पुडी नेऊन देतात आणि उद्या थोडा आवाज होईल असे सांगून क्षमा मागतात. नव्या बिऱ्हाडाने शेजाऱ्यांस भेटवस्तू घेऊन भेटावयाचे, ही मूळची जपानी रीतच होय. आपल्या सणाने तिच्यात आणखी एका दिवसाची भर घातली एवढेच. आवाजास प्रतिबंध होतो म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते, ज्या उत्सवाआधी माणूस शेजाऱ्याच्या दारी जातो, तो उत्सव लहान आवाजातही थोर आहे. पुण्यामुंबईच्या मंडळांनी हे मनावर घेतल्यास कोणाचे काही बिघडणार नाही.

टाळ-झांजांची हौस भागते ती सार्वजनिक उत्सवात. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव हा तिथीस धरून बसत नाही. सभागृह ज्या सुट्टीच्या वारी मिळेल तो वार धरतो. कर्मठांस हे रुचावयाचे नाही. पण दूरदूरच्या उपनगरांतून आगगाडीने मुले घेऊन येणाऱ्यांचा विचार केला, तर गजाननाने रविवार मान्य केला असे समजावयास हरकत नसावी.

आता एक गोष्ट सांगावयाची, जी निशिकासाईतील सर्वच भारतीयांस ठाऊक असते असे नाही. गणराय या देशात पेटीतून प्रथमच आले असे नव्हे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, चीनमार्गे आलेल्या गूढ बौद्ध उपासनेबरोबर, विनायक जपानात पोहोचला आणि ‘कांगितेन’ अथवा ‘शोतेन’ या नावाने पूजिला जाऊ लागला. कांगितेन म्हणजे आनंददेव. निशिकासाईहून तोझाईने निहोम्बाशीस जावे, तेथे गाडी बदलून असाकुसास उतरावे, आणि सुमिदा नदीच्या काठाने थोडे चालावे, की एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे त्याचे मंदिर लागते. जेमतेम तासाभराचा प्रवास. तेथे देवास दूर्वा वाहत नाहीत, मुळा वाहतात, पांढरा, लांब, जपानी मुळा. मंदिराच्या दगडांवर जोडमुळ्याचे आणि पैशाच्या बटव्याचे चिन्ह कोरलेले आहे. मूर्तीचे दर्शन मात्र कोणास होत नाही. दोन गजमुख देह परस्परांस आलिंगन देत आहेत असे तिचे रूप परंपरेने सांगितले आहे, पण ती सदैव बंद देव्हाऱ्यात असते. आपला गणपती चौकात बसून सर्वांस भेटतो. तेथला मात्र दाराआडून नवस ऐकतो.

त्या आलिंगनाची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. विनायक हा मूळचा विघ्ने आणणारा, अनावर. त्याला आवरावे म्हणून करुणेची देवता कान्नोन हिने त्याच्याच जातीच्या स्त्रीचे रूप घेतले. तो तिच्यावर मोहित झाला तेव्हा तिने अट घातली की यापुढे धर्माचे रक्षण करीन असे वचन दे, तरच मी तुझी. त्याने वचन दिले आणि तो रक्षकांत गणला गेला. परक्या देवासही येथे कोणीतरी पत्करावे लागले होते.

आणि मोदकही येथे त्याच्याबरोबर आला. क्योतो नगरीत ‘सेइजो कांगिदान’ नावाची एक मिठाई आजही केली जाते: पिठाची पारी, आत गोड सारण, त्यात सुगंधी द्रव्यांची पूड, वर चुण्या गोळा करून बांधलेले बटव्यासारखे तोंड, आणि मग तिळाच्या तेलात तळणे. मूळ ती देवाच्या नैवेद्याचीच. ‘कांगि’ म्हणजे आनंद, ‘दान’ म्हणजे गोळा. आपल्या ‘मोदक’ शब्दातील मोद तो तोच. तळणीच्या मोदकाशेजारी ती ठेवली तर दोघांचे गोत्र सांगावयास पंडित नको.

देवास वचन पुरले. माणसास आणखी काय द्यावे लागते, याचे एक उदाहरण याच प्रभागात घडले. मूळचे महाराष्ट्रातील, संगणक व पेढी-व्यवसायात नोकरी केलेले योगेंद्र पुराणिक यांनी २०१२ साली जपानी नागरिकत्व घेतले. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही; म्हणजे भारताचे पारपत्र त्यांना परत करावे लागले. एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावाच्या प्रभाग सभेवर निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानात अशा पदावर निवडून येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांना ६,४७७ मते पडली, आणि चव्वेचाळीस जागांच्या त्या सभेत मतांच्या क्रमाने ते पाचवे आले. या आकड्यातील मेख अशी की जपानात परदेशी नागरिकास स्थानिक निवडणुकीतही मताधिकार नाही. दांचीतील भारतीय बिऱ्हाडांपैकी जवळपास कोणीही त्यांना मत देऊ शकत नव्हते. ती मते जपानी शेजाऱ्यांची होती. २०२१ साली टोकियो महानगर विधानसभेच्या निवडणुकीत मात्र त्यांना यश आले नाही.

सर्वांनाच असे पारपत्र परत करवत नाही, आणि का करवत नाही हे २०२० सालाने दाखविले. साथीच्या त्या उन्हाळ्यात जपानने अनेक देशांतून येणाऱ्या परदेशी नागरिकांस दार बंद केले. त्यांत भारत होता. दीर्घ वास्तव्याचा परवाना, भाडेकरार, भरलेले कर, मुलांची शाळा, यांपैकी काहीही दाखविले तरी एकदा बाहेर गेलेल्यास परतणे दुरापास्त झाले. जपानी नागरिक मात्र परतू शकत होते. ते निर्बंध सप्टेंबरात सैल झाले. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. मायदेशी आईवडील आजारी, आणि जावे तर घर व नोकरी गमवावी, अशा कात्रीत सापडलेल्या बिऱ्हाडांनी त्या वर्षी आरती दूरध्वनीच्या पडद्यावर केली. वीस वर्षांच्या वास्तव्यानंतरही आपण येथे कोण आहोत, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी प्रथमच मोठ्याने विचारला. काहींनी नागरिकत्वाचा अर्ज केला, काहींनी पुण्यात सदनिका घेतली. दोन्ही निर्णय समजण्याजोगे आहेत. तिसरा, न ठरविण्याचा, सर्वांत अधिक लोकांनी घेतला असावा.

दीड दिवस सरतो. अराकावा दहा मिनिटांवर वाहत असते, पण नदीत मूर्ती सोडणे हे तेथे कायद्याने कचरा टाकणे ठरते. आणि ज्या नदीच्या बांधावर आपले घर तगून आहे तिच्यात काही टाकू नये, हे त्या भूमीवर राहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून शाडूची मूर्ती स्वच्छ बादलीत, गॅलरीत. निर्माल्य ‘जळणाऱ्या’ कचऱ्याच्या वारी देण्याचे मनास पटत नाही, ते कुंडीतल्या मातीत पुरले जाते. पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण हलक्या आवाजात दिले जाते, आणि ते देणाऱ्याच्या परवान्याची मुदत एक वर्षाची असेल, तीन वर्षांची असेल वा पाच. मूर्ती विरघळावयास रात्र लागते. सकाळी गाळ कुंड्यांत घालतात. त्यात तुळस असते, कढीलिंब असतो, आणि एखाद्या घरी खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दिलेले कोमात्सुनाचे रोप.